मैत्री आणि दगा : इंग्रजी वाक्प्रचार

मैत्री आणि दगा यांच्यासाठी इंग्रजीत रुळलेल्या वाक्प्रचारांपैकी बरेच कुठल्या ना कुठल्या धंद्यातून आलेले आहेत. विणकाम, चोरी, मुष्टियुद्धावरच्या पैजा, गुलामांचा बाजार.

‘थिक ॲज थीव्ह्ज’ हा मराठी माणसाला फारसा समजावून सांगावा लागत नाही; आपल्याकडे चोर चोर मावसभाऊ आहेतच. फरक इतकाच, की मराठीत तो टोमणा आहे आणि इंग्रजीत दोन शाळकरी मैत्रिणींनाही कौतुकाने म्हटला जातो. ‘थिक’ म्हणजे इथे जाड नव्हे, दाट सलगीचे. चोरांच्या आधी ही उपमा ‘इंकल’ नावाची लिननची अरुंद फीत विणणाऱ्यांची होती. त्यांचे माग लहान, म्हणून विणकर एकमेकांना खेटून बसत, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. फीत विस्मरणात गेली, विणकरही गेले. चोर टिकले.

जिवलग मित्र तो ‘बुझम फ्रेंड’, म्हणजे छातीशी धरलेला. पण छातीशीच साप बाळगणारा माणूसही इंग्रजीत आहे. थंडीने गारठलेल्या सापाला उराशी धरणाऱ्या शेतकऱ्याची ती इसापची गोष्ट. मराठीतला अस्तनीतला निखारा जवळपास त्याच जागी, कपड्याच्या आत, दडलेला असतो.

दग्याकडे वळताच मात्र पैसा येतो. येशूला पकडून देणाऱ्या ज्यूडासने चांदीची तीस नाणी घेतली आणि चुंबनाने खूण पटवली. इंग्रजीत नाणी आणि चुंबन दोन्ही म्हणीसारखी वापरली जातात. ‘सोल्ड डाउन द रिव्हर’मधली विक्री तर अक्षरशः खरी होती. अमेरिकेने १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घातली, पण देशातला व्यापार चालूच राहिला आणि दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. केंटकीसारख्या राज्यांतले गुलाम ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवाटे खाली लुइझियानाकडे विकले जात. तिथली मजुरी अधिक जीवघेणी, आणि बायकोमुलांची ताटातूट बहुधा कायमची. ‘खाली विकीन’ ही मालकाची धमकी पुरेशी असे. हॅरिएट बीचर स्टोच्या १८५२ च्या कादंबरीतला टॉम याच वाटेने जातो. आज पगारवाढीच्या वाटाघाटीत युनियनच्या पुढाऱ्याने माघार घेतली तरी हाच शब्दप्रयोग होतो, हे जरा खटकतेच.

‘डबल क्रॉस’ आला खेळांच्या जुगारातून. ‘क्रॉस’ म्हणजे आधीच ठरवून हरायची लढत. हरण्याचे पैसे खिशात घालून मुष्टियोद्धा ऐनवेळी जिंकला, की लाच देणारेच बुडत. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन हेरांना उलटवून वापरणाऱ्या ब्रिटिश समितीचे नाव ‘ट्वेंटी’ होते. रोमन अंकांत वीस म्हणजे शेजारी शेजारी दोन फुल्या, दोन ‘क्रॉस’.

मराठीतला केसाने गळा कापणारा मात्र दग्याचा असा पैशातला भाव सांगत नाही. तो फक्त विश्वासाने जवळ आलेला असतो.

कधी माणसाचे नावच सामान्यनाम होते. नॉर्वेवर जर्मनीने एप्रिल १९४० मध्ये स्वारी केली, तेव्हा विदकुन क्विझलिंगने रेडिओवरून स्वतःचे सरकार जाहीर केले. काही दिवसांतच ब्रिटिश वृत्तपत्रांत ‘क्विझलिंग’ हा फितुराचा प्रतिशब्द झाला. मराठीत तेच स्थान सूर्याजी पिसाळचे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला त्याचा दोष त्याच्या माथी आहे, आणि तो कितपत खरा यावर इतिहासकारांचे एकमत नाही.