आग नाळेवर

तुमच्या वहीतला ड्रॅगन छान जमलाय. पंख, खवले, जबडा, सगळं. पण त्याला वाहून नेणाऱ्या शिडाच्या लढाऊ जहाजावर तुम्ही त्याला मधोमध, डोलकाठ्यांच्या आड बसवलंय. त्याने एकदा तोंड उघडलं की पहिलं पेटेल ते तुमचंच शीड. तेव्हा वही घ्या आणि निघा. आपल्याला जुन्या काळात जायचंय. साल 1755, थंडीचे दिवस. विजयदुर्गाजवळचं गिर्ये, तुळाजी आंग्र्यांचा अंमल.

तुम्ही उभे आहात ती गोदी वाघोटन खाडीच्या काठी कातळ फोडून केलेली आहे, शंभर मीटरांहून लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ उघडा. नाकात माशाच्या तेलाचा उग्र दर्प आणि ताज्या चिरलेल्या सागाचा वास. समोर दुरुस्तीला आलेली एक गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, कलती टेकली आहे.

म्हातारा सुतार तुमचं चित्र बराच वेळ बघतो. हसत नाही. ‘जनावर खंय बांधतलास?’ एवढंच विचारतो. तुम्ही मधल्या डोलकाठीकडे बोट दाखवता. तो मान हलवतो. ‘आधी तेचा तोंड खंयच्या बाजूक ता सांगा.’

मग तो तुम्हाला गुराबेवर चढवतो. लांबीच्या मानाने ही रुंद आहे, पुढे निमुळती होत जाते, आणि तळ इतका उथळ की खाडीत सहज शिरावी. मोठी गुराब सुमारे तीनशे टनांची. आता पुढच्या टोकाकडे, नाळेकडे चला. इथे कठडा नाही, भिंत नाही, नुसती उघडी फळी. तुम्हाला वाटतं काम अर्धवट राहिलंय. तसं नाही. अशा नाळेचं जहाज समोरच्या लाटेत जोरात डुचमळतं, नाक पाण्यात खुपसतं. कठडा असता तर ते पाणी तिथेच साचलं असतं. उघड्या फळीवरून ते आलं तसं निघून जातं.

आणि त्या फळीच्या मागे, आडव्या भिंतीत, दोन भोकं. त्यांतून दोन तोफा पुढे रोखलेल्या, प्रत्येकी टनाहून जड, नऊ किंवा बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या. हात ठेवून बघा. आग पुढे, नाळेवरून, मोकळ्या पाण्याकडे. डोलकाठ्या, शिडं, माणसं सगळी तिच्या पाठीमागे. युरोपातली मोठी जहाजं आपला मुख्य मारा दोन्ही कुशींतून करत. आंग्र्यांच्या गुराबा शत्रूच्या पिछाडीला लागत, जिथे त्याच्या कुशीतल्या तोफा पोचत नाहीत, आणि नाळेवरून त्याच्या डोलकाठ्या फोडत. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं गुराबेला ओढत नेत. ही रचना मला फार मोठी वाटते. आपल्याकडे आरमाराच्या कथा पराक्रमाच्याच सांगतात. या सुतारांचं डोकं कोणी सांगत नाही.

आता तुमचा ड्रॅगन त्या भिंतीमागे बसवा. डोकं भोकातून बाहेर, अंग मुख्य डेकवर, शेपटी पहिल्या डोलकाठीपाशी. त्याच्या वजनाने नाक खाली जाईल, म्हणून मागच्या बाजूला दगडांचं नीरम, म्हणजे तोल राखणारं वजन, भरा. उड्डाणाची जागा आयती मिळाली: ती उघडी फळी. तिथून तो पंख पसरेल आणि एकाही दोराला धक्का लागणार नाही.

एवढं जमलं म्हणून लगेच परतू नका. दोनेक महिने पुढे सरका. 12 फेब्रुवारी 1756. बाहेर ॲडमिरल वॉटसनची जहाजं आहेत, क्लाइव्ह आहे, आणि इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या खुद्द पेशव्यांचं सैन्य; हे लिहिताना आजही पोटात तुटतं. आंग्र्यांचं आरमार बंदरात एकमेकांना बांधून उभं आहे. एक गोळा एका जहाजात पडतो. आग शेजारच्यावर, तिथून पुढच्यावर. ज्या आरमाराने पन्नास वर्षं कोकणपट्टीवर दरारा ठेवला, ते तासाभरात जळतं.

नाळेवरची आग कशी सोडायची ते या लोकांना पक्कं ठाऊक होतं. नांगर टाकल्यावर मात्र त्यांनी लाकडाला लाकूड बांधलं. तुमच्या वहीत जहाज आहे, बंदर अजून नाही. ड्रॅगनने झोपेत श्वास सोडला तर शेजारचं जहाज किती हातांवर असेल? तो नकाशा आधी काढा, खवले नंतर रंगवा.