दोनखांबी तंबू

एकखांबी तंबू मराठी माणसाला चांगला परिचयाचा आहे. पतसंस्थेपासून गणेशोत्सव मंडळापर्यंत आपले सगळे तंबू एकखांबीच असतात आणि खांब आडवा झाला की कापड सभासदांच्या डोक्यावर येते. पण दोनखांबी तंबू नावाचीही एक चीज असते आणि तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे ज्ञान मला माझ्या भाच्याने दिले.

भाचा हॅम आहे. दचकू नका. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. स्वतःच्या यंत्रावरून जगातल्या अनोळखी माणसांशी बोलायचे, ही त्याची हौस. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, मग सरकारकडून परवाना आणि 'व्हीयू'ने सुरू होणारे एक नाव मिळते. बारशाला ठेवलेले नाव त्यानंतर रेशनकार्डापुरतेच उरते. वाशीमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत दोन उभे खांब रोवायचा बेत त्याने आलेखाच्या कागदावर आखला आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला. बँकेतल्या मामाचा सल्ला मागणे याचा अर्थ काय असतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

"मामा, सात मेगाहर्ट्झची लहर साधारण 42 मीटर लांब. खांब तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे साडेदहा मीटर. दोन खांबांमधले अंतरही तेवढेच."

चौथा हिस्सा ऐकताच मी सावध झालो. बँकेत हा शब्द वारसदार भांडायला आले की कानी पडतो. पण भाच्याने मला वाणिज्य शाखेला पेलेल अशा भाषेत समजावले. आडवी तार कमी उंचीवर बांधली तर आवाज बराचसा डोक्यावर आभाळात जातो. उभा खांब तो क्षितिजाच्या अंगाने सोडतो, म्हणून तो दूर जातो. थोडक्यात, वाशीमचे बोलणे जपानला कळेल, पण पुण्याला नीट ऐकू जाणार नाही. यात खांबाचा दोष किती आणि पुण्याचा किती, हा प्रश्न मी विचारला नाही.

आता दोन खांब कशाला? दुसऱ्या खांबाला वीज पाव हेलकावा उशिरा द्यायची. मग एका बाजूला दोघांच्या लहरी एकदम पोचतात आणि जोर वाढतो. उलट बाजूला एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी येतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हे मात्र मला लगेच पटले. दोन खिडक्यांवरचे दोन कारकून एका सुरात "या" म्हणाले की गिऱ्हाईक धावत येते. एकाने "या" आणि त्याच क्षणी दुसऱ्याने "उद्या या" म्हटले, की गिऱ्हाईकाला काहीच ऐकू येत नाही. हे तत्त्व अमलात आणायला कुठे खांब लागतात?

शिवाय उभा खांब म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी जमिनीत असते. खांबाच्या बुडापासून चोहोबाजूंना तांब्याच्या तारा पसराव्या लागतात. जॉर्ज ब्राउन आणि त्याच्या सोबत्यांनी 1937 मध्ये मोजमाप करून प्रसिद्ध केले, तेव्हापासून नभोवाणी केंद्रांना 120 तारांचा दंडक पडला. भाच्याने तडजोड करून 32 वर आणल्या. वऱ्हाडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत तारा सोडल्या की खणण्याची मजुरी वाचते, एवढी भर मी या शास्त्रात घातली. नाहीतरी वाशीममध्ये तांबे आणि निरोप यांचे नाते जुनेच. हे गाव वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी होते, तेव्हाचे विंध्यशक्तीचे दानपत्र तांब्याच्या पत्र्यावरच कोरलेले सापडले आहे.

शेजारचे निवृत्त तलाठी कुंपणावरून सगळे बघत होते. "काऊन हो भाऊ," त्यांनी दबक्या आवाजात विचारले, "पोट्टा पाकिस्तानशी बोलून राह्यला का?"

मी हसलो, पण हा संशय तलाठ्यांचा एकट्याचा नाही. तो या हौसेच्या जन्मापासूनचा आहे.

1912 मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून हौशी मंडळींना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलून दिले. मोठ्या कंपन्यांचा कारभार लांब लहरींवर चाले. आखूड लहरी म्हणजे गावाबाहेरची पडीक जमीन. करा म्हणावे तिथे काय करायचे ते! डिसेंबर 1921 मध्ये या पडीक जमिनीवरून सोडलेले अमेरिकन हौशी लोकांचे संदेश स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर 1923 मध्ये तर फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात सुमारे 100 मीटरवर दुतर्फा संभाषण झाले. पडीक जमीन एका रात्रीत एन. ए. झाली आणि मोजणीला सगळे धावले.

त्यांत मार्कोनीची कंपनी पुढे होती. तिचा इंजिनिअर फ्रँकलिन याने उभ्या तारांची एक रांग टांगली, तिच्यामागे आरशासारखी दुसरी रांग लावली आणि सगळा जोर एका दिशेला वळवला. भाच्याचा दोनखांबी तंबू हा त्याच घराण्यातला गरीब भाऊबंद. ब्रिटिश सरकारने ही 'बीम' पद्धत साम्राज्यभर बसवली आणि तिचे हिंदुस्थानातले ठाणे पडले आपल्या महाराष्ट्रात. पाठवायचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ऐकायचे दौंडला, कारण स्वतः ओरडत असताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही. हा नियम संसारालाही लागू आहे. सप्टेंबर 1927 मध्ये इंग्लंडशी तारांची देवघेव सुरू झाली. ती इतकी स्वस्त पडली की समुद्रातल्या केबलवाल्यांचे धाबे दणाणले आणि 1929 मध्ये दोन्ही धंद्यांचे विलीनीकरण करावे लागले. विलीनीकरण म्हणजे काय, हे बँकवाल्याला कुणी सांगायला नको.

खडकीच्या त्या तारांबद्दल एक गोष्ट मला राहून राहून आठवते. त्यांचे तोंड इंग्लंडकडे होते आणि पाठ आमच्याकडे. शास्त्रच तसे आहे. पाठीमागे उभ्या असलेल्याला ऐकू येऊ नये, यासाठीच तर मागची रांग.

1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द करून यंत्रे ताब्यात घेतली. आता बोलणार ते फक्त सरकार. ऑगस्ट 1942 मध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले, आणि मुंबईत 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्यांना तारांच्या रांगा कुठून परवडणार? पोलिसांची माग काढणारी गाडी फिरत असे, म्हणून यंत्र आणि तार घेऊन बिऱ्हाड सारखे बदलावे लागे. आमच्याच विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर इथे काय घडले, ते छापायची सोय नव्हती. ते देशाला या रेडिओने सांगितले. तीन महिने होण्याच्या आत, 12 नोव्हेंबरला, तंत्रज्ञ फितूर होऊन धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे 1998 मध्ये, म्हणजे आमचा वाशीम जिल्हा जन्मला त्याच वर्षी, त्यांना पद्मविभूषण मिळाले.

हा रेडिओ 42.34 मीटरवर बोलत असे. मी वाणिज्य शाखेचा, पण भागाकार येतो. भाच्याने सांगितलेल्या रीतीने 300 ला 42.34 ने भागले. उत्तर आले सात पूर्णांक शून्य आठ मेगाहर्ट्झ. पुन्हा भागले, बँकेची सवय. उत्तर तेच. भाच्याच्या कागदावर ज्या पट्ट्याभोवती लाल रेघ होती, तो हाच. तेव्हा तिथे बोलल्याबद्दल तुरुंग होता, आज त्याच जागेसाठी परवाना मिळतो.

पोरखेळ म्हणावे, तर 2004 सालचे उदाहरण आहे. काही हौशी मंडळी निव्वळ हौसेखातर अंदमानात पोर्ट ब्लेअरला अँटेना उभारून बसली होती. 26 डिसेंबरला त्सुनामी आली, टेलिफोन मुके झाले, आणि बेटावरची माणसे जिवंत आहेत की नाहीत हे मुख्य भूमीवरच्या घरांना त्या अँटेनांनी कळवले. संशय घेणारेही त्या दिवशी रेडिओला कान लावून बसले असतील.

भाच्याच्या नकाशात मला सर्वांत आवडले ते एक साधे बटण. ते दाबले की उशिराचा खांब आधीचा होतो आणि तंबूचे तोंड फिरते. मघाशी जो पाठीमागे होता, त्याला आता ऐकू येते. खडकीला असे बटण कुणी बसवले नव्हते. ते आमच्या माणसांना तुरुंगात जाऊन दाबावे लागले. या बटणाची किंमत अंदाजपत्रकात फारशी नाही, म्हणून तेवढी रक्कम मी बिनव्याजी मंजूर केली आहे.