उलटी अक्षरे आणि चाळीस वर्षांचा वळसा : बीएमडब्ल्यू एम३ ते एम४

सप्टेंबर १९७३. फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने दोन दारांची एक छोटी गाडी मांडली. तिच्या पुढच्या स्पॉयलरवर ‘२००२ टर्बो’ ही अक्षरे उलटी रंगवलेली होती. ऑटोबानवर पुढे चाललेल्याने आरशात नजर टाकली की त्याला ती सुलटी दिसावीत आणि त्याने मुकाट्याने वाट मोकळी करावी, हा त्यामागचा हेतू. जर्मन जनतेला हा उद्दामपणा रुचला नाही. विषय थेट संसदेपर्यंत पोहोचला आणि कंपनीने ती अक्षरे मागे घेतली.

पण खरा घाव अक्षरांनी घातलाच नाही. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब-इस्रायल युद्ध पेटले. पाठोपाठ अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. २५ नोव्हेंबरच्या रविवारी पश्चिम जर्मनीत खासगी मोटारींना रस्त्यावर येण्यास बंदी होती. रिकाम्या ऑटोबानवर माणसे पायी आणि सायकलवर फिरत होती. असे चार रविवार गेले. अशा हवेत १७० अश्वशक्तीची, तहानलेली गाडी कोण विकत घेणार? अवघ्या १६७२ गाड्यांनंतर तिचे उत्पादन थांबले.

टर्बोची कल्पना मात्र तेव्हाही जुनीच होती. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्याच धुराने एक पाते फिरवायचे, त्या पात्याच्या दांड्यावरचे दुसरे पाते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. जहाजे आणि विमाने यांनी ही युक्ती आधी उचलली. १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ती मोटारीत आणली, पण तो प्रयोग फार टिकला नाही. युरोपात मालिका-उत्पादनात उतरलेली पहिली टर्बो मोटार म्हणजे हीच २००२.

ती चालवणे सोपे नव्हते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिन आतून ठोके देऊ लागते. हे टाळण्यासाठी सिलिंडरमधील दाबाचे गुणोत्तर ६.९ इतके खाली आणावे लागले. परिणामी फेऱ्या मिनिटाला चार हजारांच्या आसपास जाईपर्यंत गाडी सुस्त वाटे. मग पाते वेग घेई आणि ताकद एकदम अंगावर येई. हा क्षण वळणाच्या मध्यावर आला, तर मागची चाके कुठे जातील हे चालकाच्या नशिबावर असे.

शर्यतीत मात्र बीएमडब्ल्यूने टर्बो सोडला नाही. २००२ मध्ये जे चार सिलिंडरचे इंजिन होते, त्याच्याच ओतीव ठोकळ्यावर पाउल रोशे या अभियंत्याने दीड लिटरचे फॉर्म्युला वन इंजिन उभारले. १९८३ मध्ये नेल्सन पिके त्या इंजिनाच्या ब्रॅभममध्ये बसून विश्वविजेता झाला. टर्बोच्या जोरावर एखाद्या चालकाने जिंकलेले ते पहिले फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद.

आणि तरीही, त्याच रोशेने १९८६ च्या पहिल्या एम३ साठी जे इंजिन रचले, त्यात टर्बो नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एम३ जन्मली ती शर्यतीच्या नियमासाठी : ग्रुप ए मध्ये उतरायचे तर बारा महिन्यांत पाच हजार गाड्या बांधणे भाग होते. २.३ लिटर, चार सिलिंडर, सुमारे २०० अश्वशक्ती. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की त्याच क्षणी उत्तर मिळे, आणि जितक्या फेऱ्या वाढतील तितकी ताकद वाढत जाई. पुढे इंजिने बदलली, पण हा स्वभाव बदलला नाही. २००० सालच्या सहा सिलिंडरच्या एम३ मध्ये ३४३ अश्वशक्ती ७९०० फेऱ्यांवर मिळू लागली. २००७ मध्ये आठ सिलिंडर : चार लिटर, ४२० अश्वशक्ती, तीही ८३०० फेऱ्यांवर. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे वेगळे थ्रॉटल. तिचा ठोकळा लांड्सहूटच्या ज्या कारखान्यात ओतला जाई, तिथेच फॉर्म्युला वनच्या इंजिनांचे ठोकळेही ओतले जात.

या इंजिनाची गुणगाथा आजही थांबत नाही, आणि ती खोटीही नाही. पण ते बाजारात आले, तेव्हाच त्याचा काळ संपत आला होता. पुरावा त्याच दालनात उभा होता. २००६ मध्ये आलेली ३३५आय ही त्याच घराण्यातली, एम३ पेक्षा स्वस्त कुपे. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. पण तिचा पीळ, म्हणजे टॉर्क, होता ४०० न्यूटन-मीटर, एम३ इतकाच. फरक एवढाच की एम३ ला तो मिळे ३९०० फेऱ्यांवर आणि ३३५आय ला १३०० वर. रोजच्या रस्त्यावर कोण पुढे निघेल, हे सांगायला शर्यतीची गरज नव्हती.

तेहतीस वर्षांत बदलले काय? इंधन आता थेट सिलिंडरच्या आत फवारले जात होते. त्या फवाऱ्याने हवा थंड होते, ठोके टळतात, आणि दाब खाली उतरवावा लागत नाही. पाती हलकी झाली. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान बसवले, म्हणजे ती लवकर जागी होतात. १९७३ च्या गाडीला छळणारा दोष संगणक आणि फवाऱ्याने जवळपास पुसून टाकला.

उरलेले काम कायद्याने केले. युरोपीय संघाने २००९ मध्ये नियम केला : उत्पादकांच्या नव्या गाड्यांचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन किलोमीटरला १३० ग्रॅमवर यावे, २०१२ पासून टप्प्याटप्प्याने; अन्यथा दंड. आठ सिलिंडरची एम३ सोडत होती २९० ग्रॅम. तिची शेवटची कुपे २०१३ च्या जुलैमध्ये कारखान्यातून बाहेर पडली. २०१४ मध्ये तिच्या जागी जी कुपे आली, तिचे नावही बदलले : एम४. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो; ४३१ अश्वशक्ती आणि ५५० न्यूटन-मीटर, तोही १८५० फेऱ्यांपासून. उत्सर्जन २०४ ग्रॅम. ज्या यंत्राला तेलटंचाईने हद्दपार केले होते, तेच यंत्र आता तेल वाचवण्यासाठी सन्मानाने परत बोलावले गेले. (हे आकडे प्रयोगशाळेतल्या शांत चाचणीचे. पाय जड असेल, तर टर्बोची तहान १९७३ पेक्षा फार वेगळी नसते.)

जुन्या एम३ वरून एम४ कडे वळलेल्यांच्या हाती नेमके काय आले? गाडी हलकी झाली, वेगवान झाली, पेट्रोलपंपावर कमी थांबू लागली. डोंगराच्या चढणीवर गिअर बदलण्याची गरज उरली नाही. गेले ते मात्र आकड्यांत मावणारे नव्हते. आठ हजार फेऱ्यांकडे चढत जाणारा आवाज धुरातल्या पात्याने गिळला, म्हणून बीएमडब्ल्यूने इंजिनाचा नाद केबिनमधील स्पीकरांतून वाढवून ऐकवला. यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती? स्टिअरिंगमधील तेलाच्या दाबाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आणि रस्त्याची खरखर हाताला कमी जाणवू लागली. पूर्वी ताकद मागण्यासाठी चालकाला कसब पणाला लावून फेऱ्या चढत्या ठेवाव्या लागत. आता ती न मागताच हजर होती, अनेकदा नको तितकी.

ओल्या रस्त्यावर हे विशेष जाणवे. ५५० न्यूटन-मीटर इतक्या खालच्या फेऱ्यांवर मागच्या दोनच चाकांवर येऊन पडत, आणि समीक्षकांनी गाडी अकस्मात घसरते अशी तक्रार केली. २०१६ च्या कॉम्पिटिशन पॅकेजमध्ये कंपनीने सस्पेन्शन आणि मागचे डिफरन्शियल नव्याने जुळवले. त्याच खेपेस इंजिनही ४५० अश्वशक्तीपर्यंत चढवले.