मेजर परमेश्वरन: मुंबईचा परमवीर, जाफन्याची लढाई

गिरगावच्या फणसवाडीतून मी पुन्हा तुमच्या कानात हजर आहे.

मुंबईत जन्मलेला एखादा परमवीर चक्रविजेता सांगा, असं कुणी विचारलं तर आपण अडखळतो. कारगिलची नावं आपल्याला पाठ आहेत, कारण सिनेमांनी ती घरोघरी पोचवली. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मात्र जन्माने आणि शिक्षणाने मुंबईचे, तरी इथेच त्यांचं नाव फारसं ऐकू येत नाही. असं का झालं, तेही आज बघू.

मुंबईतली तमिळ मंडळी आपल्याला परकी नाहीत. आमच्या फणसवाडीतच दाक्षिणात्य पद्धतीचं बालाजी मंदिर आहे, आणि माटुंगा-सायनबद्दल तर काही सांगायलाच नको. परमेश्वरन अशाच एका तमिळ कुटुंबातले. जन्म १३ सप्टेंबर १९४६ चा. एसआयईएसच्या शाळेत शिकले, तिथल्याच कॉलेजातून सायन्सची पदवी घेतली आणि १९७२ साली महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. जवान त्यांना प्रेमाने ‘पॅरी साहेब’ म्हणायचे.

या रेजिमेंटबद्दल दोन वाक्यं सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे देशभरातले, सगळ्या समाजांतले जवान तिच्यात आले.

आता श्रीलंकेकडे वळू. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांवर भीषण हल्ले झाले आणि तिथलं यादवी युद्ध पेटलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. भारताची शांतिसेना तिकडे गेली ती दोन्ही बाजूंना थोपवायला. पण ‘लिट्टे’ने शस्त्रं खाली ठेवली नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याच सैन्याला तिच्याशी लढावं लागलं. या मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन पवन.

२५ नोव्हेंबर १९८७. जाफन्याजवळच्या एका गावात शस्त्रं उतरवल्याची खबर होती. ८ महारची तुकडी घेऊन मेजर परमेश्वरन झडतीला गेले. परतताना त्यांच्यावर अचानक गोळीबार सुरू झाला.

जरा डोळ्यांसमोर आणा. दबा धरून बसलेल्या शत्रूने जागाही निवडलेली असते आणि वेळही. समोरून धावून जावं तर आयतेच त्याच्या तोंडी. पडून राहावं तर एकेक जण टिपला जाणार. अशा वेळी पॅरी साहेबांनी डोकं शांत ठेवलं. ते वळसा घालून शत्रूच्या पाठीमागे गेले आणि थेट तुटून पडले. समोरचे गडबडले. हातघाई जुंपली. त्यात एकाने साहेबांच्या छातीत गोळी झाडली. साहेबांनी त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याला ठार केलं. मग शेवटच्या श्वासापर्यंत ते आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. पाच बंडखोर मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले, तुकडी सापळ्यातून सुटली. साहेबांचं वय होतं ४१.

रायफल हिसकावल्याचा प्रसंग ऐकताना अंगावर काटा येतो, खरंय. पण मला त्यांचं नेतृत्व दिसतं ते त्यानंतरच्या काही क्षणांत. अधिकारी कोसळला की तुकडीचा धीर सुटू शकतो. त्यांनी तो सुटू दिला नाही.

मग आपण त्यांना विसरलो का? कारण हे युद्धच आपल्याला अडचणीचं वाटतं. ज्या संघटनांना आधी भारतातच प्रशिक्षण मिळालं होतं, त्यांच्यातल्याच एकीशी आपले जवान लढले. जाफन्यातली साधी तमिळ माणसं दोन्हीकडून भरडली गेली. आणि तिथल्या तमिळ बंडखोरांसमोर उभा होता मुंबईचा एक तमिळ अधिकारी. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा आपले अकराशेहून जास्त जवान गमावले होते. विजयाची मिरवणूक निघावी असं हे युद्ध नव्हतंच.

धोरण चुकलं की नाही, यावर खुशाल वाद घाला, घालायलाच हवा. पण तो वाद दिल्लीच्या निर्णयांशी आहे. पॅरी साहेबांनी त्या दिवशी जे पेललं ते निराळं होतं. मागे येणारी माणसं त्यांच्या भरवशावर चालत होती.

त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेतलं ते एकमेव. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. इतक्या लांबच्या बेटाला ते ठाऊक आहे. तुमच्या ओळखीत माटुंगा-सायनचं कुणी असेल, तर हा भाग आधी त्यांना पाठवा.

भेटू पुढच्या भागात!