जुने क्रिकेट ग्लोव्ह्ज कसे ओळखावेत आणि कसे जपावेत?

अमेरिकेत जुने बेसबॉल ग्लोव्ह्ज जमवण्याचा छंद मोठा आहे. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे क्रिकेटमधील यष्टिरक्षकाचे ग्लोव्ह्ज. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत किंवा घराच्या माळ्यावर असे कडक झालेले जोड अजूनही सापडतात. बॅट जपली जाते, ग्लोव्ह्ज मात्र भंगारात जातात. म्हणून टाकण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा.

बनावटीवरून काळ

- वेल्क्रो: याचे पेटंट १९५०च्या दशकातले आहे. मूळ शिवणीतच वेल्क्रो असेल, तर जोड त्याआधीचा असू शकत नाही. मात्र पट्टा नंतर बदललेला नाही ना, हे टाक्यांवरून पाहा.
- बोटांमधील पडदा: २०००च्या नियमावलीनुसार यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जमध्ये फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्येच पडदा चालतो. इतर बोटांमध्येही पडदा असेल, तर जोड बहुधा त्यापूर्वीचा. पडदा नसणे हा मात्र नवेपणाचा पुरावा नाही.
- गावाचे नाव: फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तिथले अनेक कारखानदार मेरठ आणि जालंधरला आले. उदाहरणार्थ, ‘एसजी’चे मूळ असलेली सॅन्सपरील्स कंपनी १९३१ मध्ये सियालकोटला सुरू झाली आणि फाळणीनंतर मेरठला स्थिरावली. सियालकोटचे नाव दिसले की खाली ‘भारत’ आहे की ‘पाकिस्तान’, तेही वाचा.

गोंदिया परिसरातील शिक्के

शाळा, क्लब किंवा रेल्वे इन्स्टिट्यूटचा शिक्का ग्लोव्ह्जवर किंवा पिशवीवर असेल, तर काळ ठरवणे सोपे जाते.

- ‘सी.पी. अँड बेरार’: १९५० पूर्वीचा.
- ‘मध्य प्रदेश’: १९५० ते १९५६.
- ‘मुंबई राज्य’: नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६०.
- ‘जि. भंडारा’ आणि गाव मात्र गोंदिया, तिरोडा किंवा आमगाव: १ मे १९९९ पूर्वीचा, कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.
- ‘बी.एन.आर.’: बंगाल नागपूर रेल्वे १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत विलीन झाली. १९५५ पासून हा भाग दक्षिण पूर्व रेल्वेत होता.

जुने शिक्के नाव बदलल्यावरही काही काळ वापरले जातात. त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका. किमान दोन खुणा जुळवा.

जपणूक

इथल्या पावसाळ्यात चामड्याला लवकर बुरशी येते. ती कोरड्या, मऊ ब्रशने, नाकावर मास्क लावून, घराबाहेर झटका. खोबरेल किंवा मोहरीचे तेल लावू नका; चामडे काळवंडते, चिकट होते आणि शिवण कुजते. धुऊन उन्हात वाळवल्यास ते आक्रसून तडकते. तळव्यावर दाणेदार रबर असेल, तर दोन्ही ग्लोव्ह्ज एकमेकांवर ठेवू नका, रबर चिकटते. आत पांढरे सुती कापड भरून आकार टिकवा. वर्तमानपत्र नको, शाईचे डाग पडतात. प्लास्टिकऐवजी सुती पिशवी वापरा.

खरेदी आणि कायदा

‘स्वातंत्र्यपूर्व’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडाचे आतले अस्तर पाहा. खूप खेळलेल्या ग्लोव्ह्जचे अस्तर बोटांच्या टोकांशी झिजते, घामाने रंग बदलते. बाहेरून जुना आणि आतून कोरा असलेला जोड एक तर न वापरलेला असतो, नाही तर मुद्दाम जुना दिसेल असा केलेला. ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.

नोंद ठेवा

जोड कुठे सापडला, कोणी वापरला, कोणी दिला, हे तारखेसह कागदावर लिहून सोबत ठेवा. शिक्का पुसू नका, फाटलेली शिवण लगेच नवी करू नका. गावात त्या संघातून खेळलेले कोणी हयात असतील, तर आधी त्यांना भेटा. चामडे आणखी काही वर्षे टिकेल, पण तो जोड कोणाच्या हातात होता हे सांगणारी माणसे तेवढी थांबत नाहीत.