सकळ लिपी आणि आजीची वही

नांदेडहून माहूरला जाणारा माणूस बहुधा रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेला असतो. नवरात्रात तर एस.टी.ला पाय ठेवायला जागा मिळत नाही. पण त्याच परिसरात महानुभावांचेही एक मोठे स्थान आहे, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. या पंथाच्या साधूंनी मराठी गद्याचे आद्य ग्रंथ लिहिले. आणि पुढे ते ग्रंथ परक्याच्या हाती पडून भ्रष्ट होऊ नयेत म्हणून सांकेतिक लिपीत उतरवून ठेवले. या लिप्यांतली सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिची मौज अशी की वरवर पाहता ती आपल्या ओळखीची वाटते. पण अक्षरांची आपसात अदलाबदल केलेली, कुठे एका अक्षराऐवजी दुसरेच चिन्ह योजलेले. ज्याच्यापाशी किल्ली, त्यालाच वाचता यायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा कुठे मराठी माणसाला कळले की ज्ञानेश्वरीच्याही आधीचे मराठी गद्य मठांतल्या पोथ्यांत शतकानुशतके गप्प बसून होते.

मी दहावीपर्यंत शिकलेला मास्तर. लिपिशास्त्राचा मला गंध नाही. तरीही या लिपीची कथा मला एकाएकी जवळची वाटू लागली, त्याला कारण घडले. मी स्वतःच वर्षानुवर्षे सकळ लिपीत लिहीत होतो, असे मला गेल्या श्रावणात कळले!

त्याचे असे झाले. लातूरला माझा एक जुना विद्यार्थी आहे. जन्मापासून त्याला दृष्टी नाही. त्याची आजी भूकंपातून वाचलेली. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपली होती. चार वाजायच्या सुमारास किल्लारीची आणि भोवतालच्या गावांची दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. 2010 साली एका कादंबरीच्या निमित्ताने मी त्या भागात हिंडत होतो, तेव्हा या आजीने सलग चार दुपारी मला सारे सांगितले. मी ते वहीत उतरवले आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर टाइप केले. एकसष्ट पाने भरली. कादंबरी काही झाली नाही. वहीला वाळवी लागली. पण फाईल राहिली. पुढे आजीही गेली.

नातवाने गेल्या वर्षी ती फाईल मागितली. मी म्हटले, “मी येऊन वाचून दाखवतो की!” त्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “नको गुरुजी. आजवर मला सगळ्यांनी वाचूनच दाखवले आहे. हे मला माझे मी वाचायचे आहे.”

माझे मी वाचायचे, म्हणजे काय? तर त्याच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम आहे, तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने बोलून दाखवतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. 1989 साली अमेरिकेत टेड हेन्टर या गृहस्थांनी असा एक प्रोग्रॅम बाजारात आणला. हे पूर्वी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारे. अपघातात डोळे गेले, पण स्वस्थ बसले नाहीत. त्यांचा ‘जॉज’ उत्तम खरा, पण आपल्याकडच्या गरीब विद्यार्थ्याला न परवडणारा. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ नावाचा दुसरा लिहायला घेतला आणि तो सर्वांना फुकट दिला. त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही बोलतो. बोलणे सपाट, शाळेतल्या मुलाने श्वास न घेता पाढे म्हणावेत तसे, पण बोलतो.

फाईल पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. “गुरुजी, तुमची फाईल उघडली की माझा कॉम्प्युटर भ्रमिष्टासारखा बरळतो.”

मी मनात म्हटले, यंत्रच जुने असेल. सुट्टी पाहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठले. माझ्या पडद्यावर जी फाईल निखळ मराठीत दिसते, ती त्याच्याही पडद्यावर निखळ मराठीतच दिसत होती. म्हणजे दोष त्या बोलणाऱ्या आवाजाचा. मी निकाल देऊन मोकळा! तो काही बोलला नाही. त्याने एक मराठी बातमी उघडली. आवाजाने ती घडाघडा वाचली. मग माझी फाईल उघडली; पुन्हा तीच बरळ. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आवाज बदलून पाहिला, फाईल दुसऱ्या नावाने उतरवली. फरक शून्य. तेव्हा तो बाणाची कळ दाबीत एकेका अक्षरावरून पुढे सरकू लागला.

“गुरुजी, इथे तुम्हाला काय दिसते?”

“किती.”

“मला ऐकू येते एफ, डी, आर, एच.”

पुढच्या शब्दावर मला ‘राम’ दिसत होता, त्याला जे, के, ई ऐकू येत होते. मग त्याने मला सारा मजकूर निवडून साधा इंग्रजी फॉन्ट द्यायला सांगितले. मी दिला आणि डोळ्यांदेखत आजीची एकसष्ट पाने इंग्रजी अक्षरांचा ढिगारा होऊन पडली. मराठी तिथे कधी नव्हतीच! इंग्रजी अक्षरांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवले होते, एवढेच. डोळस माणूस मुखवटा पाहून फसत होता. आंधळा तेवढा फसला नाही.

हे कसे झाले, याची हकिगत टाइपरायटरच्या काळापर्यंत मागे जाते. मी नांदेडच्या एका टायपिंग क्लासात मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेली. त्या यंत्रावर ‘कि’ उमटवायचा तर आधी पहिली वेलांटी आणि मग क. कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. रफार मात्र अक्षर उमटल्यावर, मागाहून. सगळा क्रम डोळ्याच्या सोयीचा. पुढे कॉम्प्युटर आले, तेव्हा टायपिस्टांची बोटे बदलावी लागू नयेत म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी तोच क्रम उचलला, आणि इंग्रजीसाठी राखलेल्या जागांवर आपली अक्षरे नेऊन बसवली. छापखान्यांचे काम सुरळीत चालले. कागदावर उमटले की झाले. पोटात काय आहे, हे पाहतो कोण?

वास्तविक उपाय केव्हाच निघाला होता. भारतीय लिप्यांची एक प्रमाण संकेतावली 1991 साली ठरली. तिच्या 1988 च्या आराखड्यावरून देवनागरीला त्याच साली युनिकोडमध्येही आपली स्वतंत्र घरे मिळाली. तिथे क म्हणजे क, जगात कुठेही. आणि तिथला क्रम आहे उच्चाराचा: आधी क, मग इकार. 2000 सालापासून विंडोजलाही ही देवनागरी कळू लागली. मी 2010 साली जुन्याच फॉन्टात टाइप करीत बसलो, याला माझ्या सवयीखेरीज दुसरे कारण नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्याने सांगितली, ती ऐकून मी चाट पडलो. लुई ब्रेलने 1829 साली सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी आधी तिचे निरनिराळे अवतार चालत. 1951 साली सर्वांसाठी एक भारती ब्रेल ठरली. तीत ‘कि’ लिहायचा तर आधी क, मग इ. म्हणजे बोटांनी वाचणाऱ्यांची लिपी तेव्हापासूनच उच्चाराच्या वाटेने चालत होती, आणि आम्ही डोळसच वेलांटी आधी टाकीत बसलो होतो.

आमच्या घरी पणजोबांचे जमिनीचे कागद आहेत, काही मोडीत, काही निजामाच्या अमलातले उर्दूत. 1948 च्या सप्टेंबरात ते राज्य गेले, कागद राहिले. हक्क आमचा, पण वाचायला माणूस शोधावा लागतो. ती लाचारी मला ठाऊक होती. माझ्या फाईलने दुसऱ्या कुणाला ती भोगायला लावली होती, हे मात्र ठाऊक नव्हते.

फॉन्टाचे युनिकोड करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. त्याने एक आणला आणि फाईल त्यात घातली. अक्षरे मराठी झाली, पण क्रम डोळ्याचाच राहिला. ‘सर्व’चे ‘सवर्’ झाले, ‘गर्दी’ची ‘गदीर्’ झाली. आणि ‘भिंत’ या शब्दातली वेलांटी भिंतीच्या आधीच कोसळून पडली. आजीच्या हकिगतीत भिंत हा शब्द किती वेळा येतो, ते तेव्हा कळले. तीन दिवस आम्ही बसलो होतो. यंत्र वाचे, तो ऐके आणि अडखळला की थांबवी; मी बघून दुरुस्त करी. चूक पुष्कळदा त्यालाच आधी सापडे. डोळा सवयीने पुढे सरकतो, कान सरकत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पहिल्या पानापासून सलग लावले. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून तो सपाट आवाज येत होता. तासाभराने त्याने हाक मारली.

“गुरुजी, एक विचारू? आजी ‘भूकंप’ म्हणायची का तुमच्याजवळ?”

मी आठवून पाहिले. वही तर वाळवीने खाल्लेली.

“कारण घरी ती कधीच म्हणाली नाही. ती ‘हादरा’ म्हणायची. हादऱ्याच्या आधी, हादऱ्याच्या नंतर.”

बरोबर होते. तो शब्द टाइप करताना मीच सुधारला होता, छापायला बरा दिसावा म्हणून. मी पुन्हा यंत्रासमोर बसलो. एकंदर सव्वीस ठिकाणी होता. एकेक ठिकाण तो ऐकून सांगत गेला आणि मी बदलत गेलो.