कुलाबा स्टेशन गेले, गँगमनचा इतिहास कुठे आहे?

मुंबईची लोकल आज चर्चगेटला थांबते. 1930 पर्यंत ती पुढे कुलाब्यापर्यंत जात होती. बी.बी.सी.आय. रेल्वेचे शेवटचे स्टेशन तिथे होते. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली आणि तीन वर्षांच्या आतच, 31 डिसेंबर 1930 ला, हे स्टेशन बंद झाले. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच महिन्यात सुरू झालेल्या मुंबई सेंट्रलला गेल्या. कुलाब्याच्या त्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

हा इतिहास नेहमी असाच सांगितला जातो. कंपनी, इमारत, उद्घाटन, तारीख. ज्यांनी खडी टाकली, स्लीपर वाहिले, रूळ ठोकले, ते त्यात नसतात. हा विसरभोळेपणा नाही. लेखणी ज्यांच्या हाती, आठवणही त्यांचीच, ही इथली जुनी रीत आहे.

कुलाबा बंद झाले तेव्हा बाबासाहेब लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे राजकीय हक्क मागत होते. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगाराचा प्रश्न त्यांनी पुढे मनमाडला मांडला. आपल्या परतूरची लाईन जिथे मुंबईच्या लाईनीला मिळते, तेच हे मनमाड. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला तिथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी दाखवून दिले की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणूनच कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

काही जण म्हणतात, रेल्वे आली आणि जात ढिली झाली. एका डब्यात सगळे बसले हे खरे. पण डबा ज्या रुळावरून धावला, त्या रुळावरच्या कामाची वाटणी जातीनेच झाली. स्टेशन पाडता येते, ही वाटणी आपोआप पडत नाही.

म्हणून मित्रांनो, ज्यांचे आजोबा-पणजोबा रेल्वेत होते त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. कोणत्या साली लागले, काय काम केले, बढती मिळाली की नाही, हे वहीत लिहून काढावे. आपला इतिहास दुसरा कोणी लिहून देणार नाही.

जयभीम!